शेरलॉक होम्सची जुनी चित्रं जमवायची आहेत? सुरुवात कुठून करायची ते सांगते

आमच्या हॉलच्या भिंतीवर रेल्वेच्या डब्यात समोरासमोर बसलेल्या होम्स आणि वॉटसनचं एक चित्र आहे, घरी येणारं माणूस ते बघतं आणि विचारतं की हे कुठून आणलं, आम्हालाही असं मिळेल का. मिळेल, आणि बहुतेक सगळं फुकट मिळेल. पण मी सुरुवात केली तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं त्यामुळे पहिलं वर्ष जवळजवळ वाया गेलं. जिथे दिसेल तिथून चित्रं सेव्ह करत गेले, शेवटी दीडशे-एक चित्रांचा फोल्डर झाला आणि त्यातलं कुठलं कुठल्या गोष्टीतलं, कोणी काढलेलं, कुठल्या सालचं, काही म्हणजे काही माहीत नाही. सगळं टाकून पुन्हा पहिल्यापासून केलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितेय.

एकच गोष्ट आधी मनाशी पक्की करा: चित्र पानासकट घ्यायचं. ही चित्रं भिंतीवर लावायला काढलेलीच नव्हती, गोष्टीच्या मजकुरात अमुक ओळीपाशी बसवायला काढली होती. खालची ओळ, पान नंबर, कोपऱ्यातली सही हे सगळं कापलं की चित्र अनाथ होतं.

काय काय लागेल:
- कॉम्प्युटर (मोबाइलवर शोधता येतं, पण मोठ्या फाइल उतरवायला आणि साफ करायला कॉम्प्युटरच हवा)
- डिस्कमध्ये दहा-वीस जीबी जागा
- फुकटातलं एखादं फोटो एडिटर, गिम्प पुरेसं आहे
- दहा पट मोठं दाखवणारं भिंग
- नोंदीसाठी वही किंवा एक्सेल शीट, ही चुकवू नका

१. आधी नक्की काय हवंय ते ठरवा

कॉम्प्युटरवरचा संग्रह, भिंतीसाठी प्रिंट, किंवा खरा जुना कागद. तिन्हीचे रस्ते वेगळे आहेत. माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने फक्त कॉम्प्युटरवरच जमवा. नजर तयार झाल्याशिवाय खरा कागद विकत घ्यायला जाल तर फसाल, मी फसलेय, पुढे सांगते.

२. कोणी काढलंय ते ओळखायला शिका

बहुतेकांना वाटतं होम्सचा चित्रकार एकच. तसं नाहीये. होम्स पहिल्यांदा छापला गेला १८८७ मध्ये, एका कादंबरीत, बीटन्स ख्रिसमस अॅन्युअल नावाच्या वार्षिकात, आणि तिथली चित्रं डी. एच. फ्रिस्टनची. पुढच्याच वर्षी ती कादंबरी पुस्तक म्हणून आली तेव्हा चित्रं काढली चार्ल्स डॉइलने, म्हणजे होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉइल ह्याच्या वडिलांनी. ह्या दोघांचा होम्स बघितलात तर तुम्हाला तो होम्स वाटणारच नाही.

आपल्या डोळ्यासमोर जो उंच, सडपातळ, मागे सरलेल्या केसांचा, धारदार नाकाचा माणूस येतो तो सिडनी पॅजेटचा. लंडनच्या स्ट्रँड मॅगझिनमध्ये जुलै १८९१ पासून होम्सच्या छोट्या गोष्टी यायला लागल्या, आणि तेव्हापासून १९०४ पर्यंत तिथली होम्सची सगळी चित्रं पॅजेटची, एकूण साडेतीनशेच्या वर. किस्सा असा सांगतात की मासिकाला खरा हवा होता त्याचा भाऊ वॉल्टर, तोही चित्रकारच, पण पत्र गेलं सिडनीच्या हातात. आणि सिडनीने होम्सच्या चेहऱ्यासाठी समोर बसवलं म्हणे वॉल्टरलाच. पॅजेट १९०८ मध्ये वारला, फक्त सत्तेचाळीस वर्षांचा होता. मग वेगवेगळे लोक आले, आणि १९१३ मध्ये एका गोष्टीची चित्रं ह्या वॉल्टरनेच काढली.

तिकडे अमेरिकेत फ्रेडरिक डॉर स्टील. १९०३ पासून कॉलियर्स नावाच्या साप्ताहिकात त्याची चित्रं यायची, मुखपृष्ठं रंगीत. त्याने समोर ठेवला होता विल्यम जिलेट, रंगभूमीवर होम्स करणारा नट.

आता ओळखायच्या खुणा. ह्या पाठ करून ठेवा:

रंगीत चित्र असेल तर ते स्ट्रँडमधलं पॅजेटचं मूळ चित्र नाही. स्ट्रँडमधली त्याची सगळी होम्सची चित्रं काळ्या-पांढऱ्यात छापलेली, रंग नंतर कोणीतरी भरलाय.

वाकडा पाइप असेल तर तेही पॅजेटचं नाही. त्याचा होम्स सरळ दांडीचा पाइप ओढतो. वाकडा पाइप जिलेटच्या नाटकातून आला.

दोन्हीकडे कानपट्ट्या असलेली ती टोपी, डिअरस्टॉकर, ही मात्र पॅजेटचीच देणगी. गोष्टीत ते नावच नाही, ऑक्टोबर १८९१ च्या 'बॉस्कम व्हॅली मिस्टरी'त नुसतं डोक्याला घट्ट बसणारी कापडी टोपी आणि लांब करडा प्रवासी झगा एवढंच लिहिलंय, टोपीला तो आकार पॅजेटने दिला. पण लक्षात घ्या, ही टोपी गावाकडे किंवा प्रवासात घालायची. शहरात पॅजेटचा होम्स उंच हॅट घालतो. भर लंडनच्या रस्त्यावर डिअरस्टॉकर घालून फिरणारा होम्स दिसला की समजायचं हे दुसऱ्याचं काम.

आणि सही बघा. पॅजेटची चित्रात बहुतेक वेळा नुसती आद्याक्षरं असतात, एस आणि पी. काही चित्रांत दुसऱ्या कोपऱ्यात वेगळंच नाव दिसतं, उदाहरणार्थ नाउमन. हा दुसरा चित्रकार नव्हे! हा कोरणारा. पॅजेट ब्रशने करड्या रंगछटांत चित्र काढायचा, तसंच्या तसं ते छापता यायचं नाही म्हणून सुरुवातीच्या वर्षांत कारागीर ते लाकडी ठोकळ्यावर रेघारेघांनी कोरायचे. आपण बघतो ते दोन माणसांचं काम असतं. मी हे पहिल्यांदा भिंगातून बघितलं तेव्हा कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. वॉटसनचा काळा कोट लांबून सपाट काळा दिसतो, भिंगाखाली त्यात केसाएवढ्या बारीक पांढऱ्या रेघा, खांद्यापाशी वळलेल्या, बाहीवर उतरत गेलेल्या, आणि गुडघ्यापाशी पँटची घडी येते तिथे रेघांची दिशाच बदलते. ते कोणीतरी हाताने कोरलंय.

३. गोष्टीवरून खंड नंबर काढा

स्ट्रँड मासिक होतं, पण लायब्ररीत आणि ऑनलाइन तुम्हाला मिळतात ते सहा-सहा महिन्यांचे बांधीव खंड. खंड १ म्हणजे जानेवारी ते जून १८९१. त्यामुळे खंड नंबर काढायचं गणित सोपं आहे: सालातून १८९१ वजा करा, दुप्पट करा, पहिली सहामाही असेल तर १ मिळवा, दुसरी असेल तर २. डिसेंबर १८९३ हवाय? दोन दुणे चार, अधिक दोन, खंड ६. झालं.

मुख्य मुक्काम हे:
- पहिल्या बारा गोष्टी: जुलै १८९१ ते जून १८९२, खंड २ आणि ३
- पुढच्या बारा: डिसेंबर १८९२ ते डिसेंबर १८९३, खंड ४ ते ६
- 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स': ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२, खंड २२ आणि २३
- मेला असं वाटलेला होम्स परत आल्यानंतरच्या तेरा: ऑक्टोबर १९०३ ते डिसेंबर १९०४, खंड २६ ते २८

इथे दोन सापळे आहेत. पहिला म्हणजे अमेरिकेतली स्ट्रँड, ती महिनाभर मागे चालायची, त्यामुळे तिचा खंड हाती लागला तर महिने जुळत नाहीत आणि आपण उगाच डोकं फोडत बसतो. आधी पहिलं पान बघा, लंडन आहे का.

दुसरा सापळा मोठा. लोक म्हणतात की पुस्तकाची पहिली आवृत्ती उतरवली की झालं. नाही झालं. पहिल्या बारा गोष्टींच्या १८९२ च्या पुस्तकात १०४ चित्रं आहेत, तिथवर ठीक. पण पुढच्या बारांच्या पुस्तकातून 'कार्डबोर्ड बॉक्स' ही आख्खी गोष्टच गाळली होती, तिची पॅजेटने काढलेली चित्रं बघायची तर जानेवारी १८९३, खंड ५ मध्येच जावं लागतं. आणि 'हाउंड'ची मासिकात ६० चित्रं होती, १९०२ च्या पुस्तकात घेतली फक्त १६! म्हणजे पुस्तकावर विसंबलात तर चव्वेचाळीस चित्रं तुम्ही कधी बघणारच नाही. त्यामुळे नेहमी मासिकाकडेच जायचं.

४. स्कॅन उतरवणं

इंटरनेट आर्काइव्हवर स्ट्रँडचे खंड आहेत, हाथी ट्रस्टवर आहेत, विकिमीडिया कॉमन्सवर सुटी चित्रं आहेत, प्रोजेक्ट गुटेनबर्गवरही काही अंक चित्रांसकट आहेत. शोध इंग्रजीतच घ्या, मासिकाचं नाव आणि खंड नंबर टाकून.

घाईघाईत पीडीएफ उतरवू नका. वाचायला ती बरी, पण तिच्यात चित्रं फार दाबलेली असतात, मोठी केली की चेहऱ्याचा लगदा होतो. इंटरनेट आर्काइव्हवर डाउनलोडच्या यादीत जेपी२ ह्या चित्रांच्या फॉरमॅटची झिप फाइल असते, ती घ्या. काही शे एमबीची असते, रात्री लावून झोपा, पण एकेक पान वेगळं आणि चांगल्या रिझोल्यूशनचं मिळतं.

एकाच खंडाचे दोन-तीन स्कॅन असतील तर सगळे उघडून एकच पान तिन्हीकडे बघा. काही स्कॅन नुसते काळे-पांढरे केलेले असतात, मधली करडी छटा गेलेली, अशा स्कॅनमध्ये पॅजेटची सगळी मेहनत मातीमोल होते कारण त्याची गंमतच करड्या छटांत आहे. 'मॅन विथ द ट्विस्टेड लिप' (डिसेंबर १८९१) मध्ये होम्स रात्रभर उशांच्या बैठकीवर मांडी घालून पाइप ओढत बसलेला आहे, ते चित्र कसोटीला घ्या. धूर आणि मागची अंधारी भिंत वेगळी दिसली तर स्कॅन चांगला, सगळं एकच काळं दिसलं तर दुसरा शोधा.

सुटं चित्र आधी सापडलं आणि गोष्ट माहीत नसेल तर खालची ओळ कामाला येते. ही ओळ बहुधा गोष्टीतलीच असते. ती तशीच्या तशी घ्या, होम्सच्या गोष्टींच्या मजकुरात शोधा, दोन मिनिटांत गोष्ट सापडते, गोष्टीवरून महिना, महिन्यावरून खंड. ओळ कापलेली असेल तर मात्र प्रसंग आठवत बसावं लागतं, आणि तिथे घोटाळे होतात. आमच्या भिंतीवरचं डब्यातलं चित्र 'सिल्व्हर ब्लेझ'मधलं, डिसेंबर १८९२ चं, होम्स वॉटसनला प्रकरण समजावून सांगतोय. पण 'बॉस्कम व्हॅली'तही डब्यातलं चित्र आहे, तीच टोपी, तेच दोघं. ही दोन चित्रं एकमेकांच्या नावावर खपवलेली मी कितीदा बघितलीत त्याला गणतीच नाही.

५. फाइलला नाव द्या, लगेच

उद्या नाही, त्याच क्षणी. मी असं देते: साल-महिना-खंड-पान-गोष्ट-चित्रकार. आणि प्रत्येक चित्राच्या दोन फाइल ठेवते, एक आख्खं पान जसंच्या तसं, दुसरी कापून साफ केलेली. आख्ख्या पानाला हात लावायचा नाही. पॅजेटचं चित्र कधी पानाच्या मधोमध, कधी मजकुराच्या कुशीत तिरकं शिरलेलं असतं, ते पान बघितल्यावरच कळतं की वाचणाऱ्याला कुठल्या ओळीपाशी हे दिसत होतं.

६. साफ करणं

थोडंच करा. सरळ करा, लेव्हल्समध्ये कागदाचा पिवळेपणा कमी करा, मोठे डाग काढा, बस. शार्पन फार वाढवलं की कोरलेल्या रेघा फुटतात. एका क्लिकमध्ये चेहरा सुंदर करून देणारी ॲप्स तर मुळीच वापरू नका, ती रेघा पुसून तिथे स्वतःच्या मनाने कातडी भरतात आणि मग तो ना पॅजेटचा होम्स राहतो ना कोणाचाच.

तुम्ही स्वतः जुनं पान स्कॅन करणार असाल तर पानामागे काळा कार्डपेपर ठेवा, नाहीतर मागच्या बाजूचा मजकूर चित्रातून दिसतो. ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) ठेवा. ठिपक्यांची छपाई असेल तर कमी डीपीआयला जाळीसारखे पट्टे उमटतात.

७. कॉपीराइट

घरी लावायचं असेल तर ह्याची काळजी नको, पण वहीवर, टी-शर्टवर, पुस्तकात छापून विकणार असाल तर नीट वाचा. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजायचं. ब्रिटनमध्ये ७०. पॅजेट १९०८ ला गेला, स्टील १९४४ ला, त्यामुळे दोघेही दोन्हीकडे मोकळे. पण होम्सची चित्रं काढणाऱ्यांत एच. एम. ब्रॉक आहे, तो गेला १९६० ला, म्हणजे भारतात मोकळा आणि ब्रिटनमध्ये २०३० संपेपर्यंत नाही. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे बघूनच छापा. आणि कोणी नव्याने रंग भरले असतील तर ती आवृत्ती त्यांची, ती उचलू नका, मूळ घ्या.

८. प्रिंट आणि फ्रेम

हिशोब एवढाच की ३०० डीपीआयला आठ इंच रुंद प्रिंट हवी तर चित्र २४०० पिक्सेल रुंद पाहिजे. स्ट्रँडचं पान ए४ पेक्षा लहान, त्यातलं चित्र आणखी लहान, त्यामुळे पोस्टरएवढं करायचा मोह सोडा. छोटंच छान दिसतं. चकचकीत फोटो पेपर नको, मॅट घ्या, शक्यतो ॲसिड-फ्री. कागदाचा हलका पिवळसर रंग ठेवलात तर भिंतीवर डोळ्याला बरं वाटतं. आणि फ्रेमवाल्याला बजावून सांगा की खालची ओळ माउंटखाली झाकायची नाही. सांगितलं नाही तर तो झाकतोच, त्याला ती फालतू वाटते.

९. खरा जुना कागद घ्यायचा असेल तर

आता माझी गोष्ट. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून '१८९२ चं मूळ पान' म्हणून अडीच हजाराला एक चित्र घेतलं. फोटोत सुंदर जुनाट तपकिरी दिसत होतं. घरी आलं, उलटून बघितलं तर मागे कोरं. मासिकाच्या पानाच्या मागे कोरं कसं असेल, तिथे गोष्टीचा पुढचा मजकूर हवा ना! भिंग लावलं तर करड्या रंगात गुलाबी, निळे, पिवळे ठिपके. घरगुती प्रिंटरवर काढून कागदाला रंग दिलेला. पैसे परत मिळाले नाहीत.

त्यामुळे पैसे देण्याआधी हे मागा:
- पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो
- चित्राचा अगदी जवळून काढलेला फोटो. रेघा दिसल्या तर कोरीव छपाई, एकाच रंगाचे शिस्तीत रांगेने ठिपके असतील तर त्या काळची हाफटोन, रंगीत ठिपके म्हणजे आजचा प्रिंटर
- वरचा पान नंबर आणि मासिकाचं नाव दिसतंय का
- तपकिरी रंग कडेला जास्त आणि मध्ये कमी आहे का. सगळीकडे सारखा असेल तर संशय घ्या

मागे कोरं असलेलं प्रत्येक पान खोटं असतं असंही नाही, पुस्तकांत चित्रं वेगळ्या जाड कागदावर छापून घालायचे. पण मग विक्रेत्याने मासिक नाही, पुस्तक असं सांगायला हवं.

पॅजेटच्या हातची मूळ चित्रं हा वेगळाच विषय. डिसेंबर १८९३ च्या 'फायनल प्रॉब्लेम'मध्ये धबधब्याच्या कड्यावर होम्स आणि त्याचा शत्रू मोरिआर्टी एकमेकांना भिडलेत ते पूर्ण पानाचं चित्र आठवतंय ना, त्याचं मूळ २००४ मध्ये लिलावात दोन लाख डॉलरच्या वर गेलं. ते आपलं काम नव्हे.

आपल्याला जमण्यासारखं म्हणजे आख्खा बांधीव खंड. फिक्या निळ्या कापडी बांधणीचे, वर स्ट्रँड रस्त्याचं चित्र असलेले खंड ब्रिटनमधले जुनी पुस्तकं विकणारे ठेवतात. वजनदार असतात, पोस्टेज आणि कस्टम धरूनच परवडतंय का बघा. सुटी पानं मी आता घेत नाही, कारण त्यांच्यासाठी चांगले खंड फाडले जातात आणि मला ते बघवत नाही. खंड घेताना विक्रेत्याला विचारा की होम्सच्या गोष्टींची सगळी पानं आहेत का, नेमकी तीच कापून नेलेली असतात. पान नंबर सलग लागतायत ना, ते मोजायला लावा.

१०. पावसाळा

आपल्या हवेत कागद जून ते सप्टेंबर सादळतो. खंड भिंतीला टेकवून ठेवू नका, भिंतीला ओल येते. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको, आत बुरशी धरते. कपाटात थोडी हवा खेळू द्या, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या दर महिन्याला बदला. डांबरगोळ्या कागदाला चिकटून ठेवू नका, कडुलिंबाची पानंही खंडात घालू नका, सुकून त्यांचा डाग पानावर उतरतो, मला एका पानावर तो कायमचा मिळालाय. कसर दिसली तर तो खंड बाकीच्यांपासून लगेच वेगळा काढा. गणपती झाले, ऊन पडायला लागलं की प्रत्येक खंड बाहेर काढायचा, सावलीत उभा उघडून ठेवायचा, मऊ कोरड्या ब्रशने शिवणीतली धूळ झाडायची. माझ्याकडच्या खंड २ ला दर वर्षी त्यासाठी एक सकाळ जाते, कारण 'बॉस्कम व्हॅली' आली की मी ब्रश खाली ठेवते आणि पुन्हा वाचायला बसते.